कासच्या आकाशातला ठिपका

गेल्या सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावरून साताऱ्याला परतल्यावर, रात्रीचे जेवण आटोपून मी दिवसभराची छायाचित्रे संगणकावर पाहत बसलो होतो. दिवस धुक्याचा होता. आकाश पांढरट आणि एकसारखे होते, आणि अशा आकाशात बारीकसे व्यंगही लपत नाही. एका छायाचित्रात सोनकीच्या पिवळ्या पट्ट्याच्या वर, डाव्या कोपऱ्याजवळ, एक राखाडी ठिपका दिसला. घार असावी असे वाटून मी पुढे गेलो. पुढच्या छायाचित्रात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे फूल अगदी जवळून टिपलेले होते आणि मागे नुसते धुके होते; तिथेही त्याच जागी ठिपका होता, उलट अधिक ठसठशीत. तेरड्याच्या छायाचित्रातही तो होताच. दिवसभर माझ्या मागोमाग एकाच कोपऱ्यात राहणारी घार साताऱ्यात नाही, हे ध्यानात आल्यावर मी उरलेली छायाचित्रे पाहणे थांबवले आणि कॅमेरा टेबलावर घेतला.

धूळ त्याच दिवशी शिरली असावी, हा माझा पहिला समज. पण सप्टेंबरात कासच्या जांभ्यावर पाणी साचलेले असते, पायाखाली चिखल असतो, हवेत धुळीचा कण शोधून सापडायचा नाही; शिवाय त्या दिवशी मी सकाळी घरी लावलेली मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लेन्स संध्याकाळपर्यंत काढलीच नव्हती. मग हा कण आला कुठून आणि केव्हा, हा प्रश्न मला तो घालवण्याच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण तो कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावणे धोक्याचे असते.

रिळाच्या जमान्यात हा त्रास वेगळ्या रूपात होता. राजवाड्याजवळच्या एका जुन्या स्टुडिओत मी कॉलेजात असताना पडेल ते काम करायचो. तिथले काका अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलेल्या प्रिंटवरचे पांढरे ठिपके डोळ्याला भिंग लावून, शून्य नंबरच्या ब्रशाने एकेक करून रंगवीत असत. निगेटिव्हवर बसलेल्या धुळीमुळे ते ठिपके उमटत. मात्र प्रत्येक छायाचित्रासाठी रिळाचा नवा तुकडा पुढे सरकत असल्याने एका चित्रावरची धूळ सहसा दुसऱ्यावर येत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात पुढे सरकणारे काही नाही. रिळाच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर एकच, तो बदलत नाही, आणि त्याच्यापुढे एकदा चिकटलेला कण पुढच्या हजारो छायाचित्रांवर आपली सही करीत राहतो.

‘सेन्सरवर धूळ बसली’ असे आपण म्हणतो, ते काटेकोरपणे पाहिले तर खरे नाही. प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या पृष्ठापर्यंत धूळ पोहोचत नाही, कारण त्याच्या पुढे काचेचे थर असतात. त्यांत अवरक्त किरण अडवणारी काच असते, पुष्कळ कॅमेऱ्यांत बारीक नक्षीतले खोटे पट्टे टाळणारा लो-पास फिल्टर असतो आणि सेन्सरची स्वतःची झाकणकाचही असते. धूळ बसते ती यातल्या सर्वांत बाहेरच्या काचेवर. त्यामुळे आपण साफ करतो ती काच असते, आणि हे कळले की मनातली अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी ठेवावी, कारण त्या काचेवर लेप असतो आणि त्याला ओरखडा पडला तर संपूर्ण थर बदलावा लागतो.

आता आधीपासून बसलेला कण सप्टेंबरातच का दिसावा, ते सांगतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे आणि त्याच्या रुंदीत ६,००० पिक्सेल आहेत. एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाला. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या निम्म्या जाडीचा कणही आठ-नऊ पिक्सेल झाकतो. परंतु कण आणि पिक्सेल यांच्यामध्ये काचेची जाडी असते. ती एक मिलिमीटर धरू. लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/२.८ एवढे मोठे असेल तर प्रकाश रुंद शंकूच्या आकारात येतो, कणाच्या सर्व बाजूंनी आत शिरतो, आणि कणाच्या सावलीची कड एक भागिले २.८, म्हणजे जवळजवळ ०.३६ मिलिमीटर पसरते. एवढ्या जागेत ती विरून जाते आणि डोळ्याला काहीच जाणवत नाही. तेच ॲपर्चर लहान करून एफ/१६ केले की शंकू अरुंद होतो, कड एक भागिले १६, म्हणजे ०.०६ मिलिमीटरवर येते आणि सावली गडद व रेखीव पडते. काचेतल्या अपवर्तनाने हे आकडे थोडे बदलतील, पण प्रमाण हेच राहील. भर दुपारी भिंतीला टेकलेल्या काठीची सावली आणि भिंतीपासून हातभर दूर धरलेल्या काठीची सावली यांत जो फरक दिसतो, तोच हा फरक.

मॅक्रो लेन्सने यात आणखी भर घातली. फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढे टिपताना लेन्सवर एफ/१६ लावलेले असले तरी प्रत्यक्ष परिणाम एफ/३२ च्या जवळपास होतो, कारण लेन्सपासून सेन्सरपर्यंतचे परिणामी अंतर वाढलेले असते. म्हणून सीतेच्या आसवांच्या छायाचित्रात ठिपका सर्वांत ठळक होता. कासला जाणारे अनेक जण ‘पठारावर कॅमेऱ्यात घाण गेली’ अशी तक्रार करतात. माझ्या मते त्यांतल्या बहुतेकांची घाण आधीचीच असते आणि पठार ती फक्त दाखवून देते.

माझी घाण कधीची होती, हे शोधायला मी जुनी छायाचित्रे मागे मागे उघडत गेलो. उन्हाळ्यात भाचीचे लग्न होते. तिथली सगळी छायाचित्रे संध्याकाळच्या उजेडात एफ/२.८ ने घेतलेली, त्यांत काही सापडण्याची शक्यताच नव्हती. त्याआधी जानेवारीत मी कराड तालुक्यातल्या पाल गावी खंडोबाच्या यात्रेला गेलो होतो. पौष महिन्यात तारळी नदीच्या काठी देवाचे लग्न लागते, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा-खोबऱ्याची उधळण होते, आणि काही वेळाने माणसे, झाडे, दुकानांची छपरे, सगळेच पिवळे होऊन जाते. त्या गर्दीत मी एकदा, एकदाच, एका ओसरीच्या आडोशाला उभा राहून झूम लेन्स काढली आणि ५० मिलिमीटरची लावली. लेन्स बदलण्यापूर्वी मंदिराच्या शिखराचे एक छायाचित्र एफ/८ ने घेतलेले होते, आणि बदलल्यानंतर त्याच शिखराचे दुसरे. दोन्हींचा कॉन्ट्रास्ट कमाल वाढवून पाहिला. पहिल्यात आकाश कोरे होते. दुसऱ्यात वर डावीकडे एक फिकट डाग होता. खंडेरायाचा भंडारा आठ महिने माझ्या कॅमेऱ्यात मुक्कामाला होता आणि मला त्याची वार्ता नव्हती.

हळद म्हटल्यावर मी सावध झालो. रस्त्यावरची कोरडी माती आणि हळद यांत फरक आहे. माती बहुधा फुंकरीने उडते. हळदीत नैसर्गिक तेलाचा अंश असतो, ती अतिशय बारीक दळलेली असते आणि पावसाळ्याच्या दमटपणात काचेला चिकटून बसते. उसाच्या हंगामात पाचट जाळल्यावर आपल्याकडे घरांच्या गच्च्यांवर जी काळी पातळ राख उतरते, तीही अशीच त्रासदायक: फुंकरीने तुटून तिचे दोन कण होतात आणि पुसायला गेले की काजळीसारखी फासली जाते. चौथा प्रकार कॅमेऱ्याच्या आतूनच येतो. शटरच्या यंत्रणेतले वंगण आणि घासून निघालेले कण काचेवर उडतात. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या निकॉन डी६०० या कॅमेऱ्यात असे डाग इतके पडू लागले की कंपनीला २०१३ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. वंगणाचा डाग सहसा गोल असतो, आणि हवेचा झोत मारणाऱ्या ब्लोअरने तो जात नाही.

साफसफाईआधी चाचणीचे छायाचित्र घ्यायचे असते, आणि त्याची रीत सोपी आहे. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, फोकस हाताने अनंतावर, आणि समोर हातभर अंतरावर पांढरी भिंत किंवा संगणकाचा कोरा पांढरा पडदा. शटर एक-दोन सेकंद उघडे राहिले तरी हरकत नाही, किंबहुना त्या वेळात कॅमेरा थोडा हलवावा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरपुढचे तेवढे स्थिर राहतात. समोर दिसणाऱ्या लेन्सच्या काचेवरची धूळ यात येत नाही. ती पुसत बसून काहीही साध्य होत नाही, तरी प्रत्येक जण आधी तीच पुसतो. मीही पुसली होती.

डाग कुठे आहे हे समजले तरी कण कुठे आहे हे लगेच समजत नाही, कारण लेन्स चित्र उलटे पाडते. कॅमेरा सरळ धरून, लेन्स काढून समोरून आत पाहिले तर डावे-उजवे तसेच राहते आणि वरचे खाली जाते. छायाचित्रातला माझा ठिपका वर डावीकडे होता, म्हणजे कण सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ होता. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरल्यावर तो मला खरोखर दिसला, इवलासा आणि पिवळसर, आणि यात्रेतली ती ओसरी डोळ्यांसमोर आली.

पहिला उपाय कॅमेऱ्यातच असतो. सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय ऑलिंपसने २००३ च्या ई-१ या कॅमेऱ्यात प्रथम आणली. ती काच सेकंदाला ३०,००० पेक्षा अधिक वेळा कंप पावते. पुढे बहुतेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने ही सोय दिली. ती चालवताना कॅमेरा टेबलावर बुडावर सरळ ठेवावा, म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. मी ती चार वेळा चालवली. कोरडे दोन कण गेले, भंडारा हलला नाही.

दुसरा उपाय रबरी ब्लोअरचा. इथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला त्या वर्षी मी शिवणयंत्रावर फुंकर मारावी तशी सेन्सरवर तोंडाने फुंकर मारली होती. धूळ गेली आणि तिच्या जागी थुंकीचे बारीक शिंतोडे वाळून बसले. ते निघेपर्यंत धूळ बरी होती असे वाटले. दाबाखालच्या हवेचे डबेही नकोत, कारण त्यांतला द्रव काचेवर उडून गोठल्यासारखा डाग पडतो. ब्लोअर वापरण्यापूर्वी तो बाहेर चार-पाच वेळा दाबून आतली धूळ काढावी. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मेनूमधला सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडूनच आरसा वर करावा. बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी ‘बल्ब’ ही सोय लावून, बोटाने ते दाबून धरण्याचा उद्योग करू नये, कारण बोट सुटले किंवा बॅटरी संपली तर शटर आपल्या साधनावर आपटते. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे, ब्लोअरचे टोक लेन्स बसते त्या माउंटच्या कड्याच्या आत नेऊ नये, आणि आठ-दहा जोरदार फुंकरी माराव्यात. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने सेन्सर हाताशी असतो, पण हाताची थरथर भरून काढणारा हलता सेन्सर बसवलेल्या कॅमेऱ्यात तो दाब लागताच सरकतो, म्हणून तिथे हात आणखी हलका लागतो.

माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा काम इथेच संपते, आणि ते संपल्यावर थांबता आले पाहिजे. चाचणीच्या छायाचित्रात एफ/२२ ला राहिलेला एखादा अंधुक बिंदू घालवण्यासाठी लोक ओल्या साफसफाईकडे वळतात आणि एका बिंदूच्या जागी दहा रेघा करून घेतात. माझा भंडारा मात्र ब्लोअरने अर्धाच सुटला होता.

ओली साफसफाई मी स्वतः करावी की कॅमेरा पुण्याला पाठवावा, यावर दोन दिवस घालवले. कॅमेरा वॉरंटीत असलेल्यांनी आणि हात थरथरणाऱ्यांनी पाठवावा, यात कमीपणा नाही. पण काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका दुकानातून माझा कॅमेरा तीन आठवड्यांनी परत आला, तो कडेला वाळलेल्या द्रवाची अर्धवर्तुळे घेऊनच. तेव्हापासून मी स्वॅब, म्हणजे टोकाला मऊ कापड लावलेल्या चपट्या काड्या, घरात ठेवतो. स्वॅब सेन्सरच्या आकाराचा लागतो: एपीएस-सीसाठी १६ मिलिमीटर रुंद, त्याहून मोठ्या फुल फ्रेम सेन्सरसाठी २४ मिलिमीटर. द्रव सेन्सरसाठीच बनवलेला असावा. त्यांतल्या काहींत मिथेनॉल असते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी हवी आणि देवघरातली समई दूर हवी. चष्म्याचा फवारा, सॅनिटायझर, अत्तराच्या बाटलीतले अल्कोहोल यांपैकी काहीही चालत नाही. त्यांतले पाणी, तेल आणि सुगंध काचेवरच राहतात.

खिडकी उघडी ठेवायची आणि धूळही येऊ द्यायची नाही, यातला पेच मी असा सोडवला. सकाळी लवकर, रस्ता जागा होण्याआधी, खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसली, पंखा बंद ठेवला, अर्धा तास हवा स्थिरावू दिली, आणि खिडकीची फट बोटभर ठेवली. हळदीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यायची होती. हळदीचा पिवळा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. साडीवरचा डाग पाण्याने हटत नाही पण स्पिरिटने फिकट होतो, ते यामुळेच. म्हणजे काचेवर भरपूर हळद असताना ओला स्वॅब फिरवला तर कण जाईल, पण पिवळे पाणी काचभर पसरेल. म्हणून आधी ब्लोअरने जितके निघेल तितके काढले, मगच स्वॅबला हात घातला.

स्वॅबच्या कडेवर द्रवाचे दोनच थेंब टाकले आणि ते कापडात मुरू दिले. टपकणारा स्वॅब कधीही आत नेऊ नये. मग डावीकडच्या कडेवर तो टेकवून, भाकरीवर तुपाचे बोट फिरवताना लागतो तेवढाच दाब ठेवून, एका संथ ओढीत उजव्या कडेपर्यंत नेला. तिथे तो उलटा करून दुसऱ्या बाजूने परत आणला, आणि काम संपले. मध्ये थांबायचे नाही, मागे-पुढे घासायचे नाही, आणि तो स्वॅब दुसऱ्यांदा वापरायचा नाही, किंमत आठवून कितीही जिवावर आले तरी. पहिला स्वॅब बाहेर काढून उजेडात धरला, तर पांढऱ्या कापडाच्या कडेवर फिकट पिवळी रेघ होती. पुरावा म्हणून ती मी पत्नीला दाखवली. “देवाचा प्रसाद आहे, टाकू नका,” ती म्हणाली. दुसऱ्या स्वॅबवर रंग जेमतेम होता, तिसरा कोरा निघाला.

त्यानंतर मी बॅगेकडे वळलो, कारण कण एकटा आला नसावा ही शंका होती. झूम लेन्सच्या कड्याच्या खाचांत पिवळी पूड होती; झूम पुढे-मागे करताना लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि ती हवा कॅमेऱ्याच्या पोटात सोडते. लेन्सच्या मागच्या टोपणातही पूड होती. या टोपणाकडे कोणीच पाहत नाही. लेन्स बदलताना आपण ते खिशात टाकतो, खिशातली सुती लव आणि धूळ घेऊन ते पुन्हा लेन्सच्या पाठीवर बसते आणि पुढच्या वेळी ती धूळ थेट सेन्सरसमोर उघडते. मी टोपणे साबणाने धुऊन वाळवली, बॅग उलटी करून व्हॅक्यूमने साफ केली. आता वापरात नसताना बॉडीचे टोपण आणि लेन्सचे मागचे टोपण एकमेकांत अडकवून ठेवतो, म्हणजे दोन्हींच्या आतल्या बाजू झाकल्या जातात.

लेन्स बदलण्याची माझी पद्धतही बदलली. कॅमेरा आधी बंद करतो. कॅनन ईओएस आर सारख्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकला जातो, पण ते पाते नाजूक असल्याने त्याला बोट लागता कामा नये. दुसरी लेन्स मागचे टोपण सैल करून तयार ठेवतो, तिच्या पाठीवर ब्लोअर मारतो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरूनच अदलाबदल करतो. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, वारा असा असतो की पाठ कुठे करावी हेच कळत नाही. तिथे मी लेन्स बदलत नाही, गाडीत बसून काच वर करतो. यात्रेला तर आता एकच लेन्स लावून जातो, आणि समोर कितीही चांगले दृश्य आले तरी पायांनीच पुढे-मागे होतो.

यंदाच्या जानेवारीत भाचा बरोबर होता. त्याने नवा कॅमेरा आणला होता, दोन लेन्सचा. “मामा, पाच सेकंदांचं तर काम आहे,” असे म्हणत त्याने उधळणीच्या ऐन मध्यात लेन्स काढली. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर त्याला पांढऱ्या भिंतीसमोर उभे केले आणि एफ/१६ लावायला सांगितले. अकरा ठिपके मोजल्यावर त्याने मोजणे सोडून दिले.

माझ्या सेन्सरवर अजून एक ठिपका आहे. तिन्ही स्वॅब वापरून झाल्यावर चाचणीच्या छायाचित्रात तो खाली उजवीकडे, अगदी कडेला दिसला. एफ/११ ला तो दिसत नाही, एफ/१६ ला त्या जागी बहुधा गवत असते. मी वहीत त्याची जागा आणि तारीख लिहून ठेवली आहे आणि चौथा स्वॅब पाकिटातच राहू दिला आहे.